हातोदचे सोयाबीन आणि परके जनुक

इंदूरच्या वायव्येस असलेल्या हातोदच्या शिवारात पावसाळा सुरू झाला म्हणजे काळ्या जमिनीवर सोयाबीनची हिरवी तासे दिसू लागतात. हे दृश्य फार जुने नव्हे. पूर्वी माळव्यातील पुष्कळशी भारी जमीन पावसाळ्यात पड ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. 1970 नंतर सोयाबीनने ही पड भरून काढली. 1987 साली इंदूर येथे या पिकाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्रही स्थापन झाले. अमेरिका, ब्राझील व अर्जेंटिना या देशांत पिकणारे बहुतेक सर्व सोयाबीन आज जनुकपरिवर्तित आहे. हातोदचे मात्र तसे नाही, कारण भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही. हा भेद कसला आणि त्याचे मोल किती, याचा विचार शेतकऱ्याने आणि ग्राहकानेही करावयास हवा.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या गुणधर्मांचा आराखडा असतो. त्या आराखड्यातील एकेक सूचना म्हणजे जनुक. ब्रुनो येथील मठवासी ग्रेगॉर मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम 1866 साली प्रसिद्ध केले. त्या नियमांमुळे पुढे संकराच्या कलेला शास्त्राचा आधार मिळाला. परंतु संकर एकाच जातीच्या अथवा जवळच्या जातींच्या वनस्पतींचा होतो. जंतूचा आणि झाडाचा होत नाही. जनुकपरिवर्तनाने नेमकी हीच मर्यादा ओलांडली.

ते कसे, हे सोयाबीनच्याच उदाहरणाने पाहू. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतील एका आवश्यक विकराचे कार्य बंद पाडते, म्हणून तणाबरोबर पीकही मरते. मातीतील एका जंतूजवळ मात्र या औषधाला दाद न देणारा विकर आढळला. शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवून ते कण सोयाबीनच्या कोवळ्या ऊतींवर वेगाने मारले. ज्या थोड्या पेशींत जनुक स्थिरावले, त्यांपासून रोपे वाढविली आणि निवड करून बियाणे तयार केले. 1996 साली ते अमेरिकेतील शेतांत आले. शेतात तणनाशक फवारावे, तण जळावे आणि पीक उभे राहावे, असा त्याचा उपयोग.

या विद्येचे सर्वच फळ शेतातले नाही. मधुमेही रुग्णांना लागणारे इन्सुलिन पूर्वी डुकरांच्या व गाईंच्या स्वादुपिंडातून काढीत. मानवी इन्सुलिनचे जनुक जंतूत घालून केलेले औषध 1982 साली बाजारात आले आणि आज ते असंख्य घरांत पोहोचले आहे. तेव्हा ही विद्याच त्याज्य, असे म्हणता येणार नाही.

तथापि शेतीतला अनुभव सावध करणारा आहे. माळव्याचा घाट उतरला की निमाडात कापसाचा प्रदेश लागतो. तेथे आणि महाराष्ट्रातही बीटी कापूस पिकतो. त्याला देशात 2002 साली परवानगी मिळाली. त्यातील जंतूचे जनुक बोंडअळीला मारक प्रथिन तयार करते. आरंभी अळीवरील फवारण्या कमी झाल्या. भोवती साध्या कापसाच्या ओळी लावाव्यात, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, असा नियम होता. त्यासाठी बियाण्याबरोबर वेगळी पुडीही मिळे. पुष्कळांनी ती पेरलीच नाही. पुढे गुलाबी बोंडअळीने या बियाण्यावर मात केली आणि 2017 साली महाराष्ट्रात कापसाची मोठी हानी झाली. अमेरिकेतही राजगिऱ्याच्या कुळातील एक तण ग्लायफोसेटला दाद देईनासे झाले आहे.

दुसरा प्रश्न बियाण्याच्या मालकीचा आहे. सोयाबीन स्वपरागित असल्याने, मळणी जपून केली आणि उगवण तपासून घेतली, तर घरचेच दाणे पुढील वर्षी पेरता येतात. भारताच्या 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातील व्हर्नन बोमन या शेतकऱ्याने धान्य म्हणून विकत घेतलेले सोयाबीन पेरले आणि त्यातून निघालेले बी राखून पुन्हा पेरले. ते पेटंट असलेले निघाले, आणि 2013 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला.

हातोदच्या शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. झडीच्या दिवसांत कोळपे चालत नाही, खुरपणीला माणसे मिळत नाहीत आणि तण पिकाला गिळते. तणनाशकाला दाद न देणाऱ्या बियाण्याचा मोह अशा वेळी स्वाभाविक होय. इकडे स्वयंपाकघरातील सोयातेल बऱ्याच अंशी परदेशांतील जनुकपरिवर्तित दाण्यांचे असते. शुद्ध केलेल्या तेलात जनुक वा प्रथिन जवळजवळ उरत नाही, ही गोष्ट वेगळी. 2021 साली कोंबड्यांचे खाद्य महागले, तेव्हा सरकारने अशा दाण्यांची 12 लाख टन पेंडही आयात करू दिली.

म्हणून नवे बियाणे दारी आले, तर त्याला भिऊन अथवा भुलून निर्णय करू नये. कोणते जनुक, कोणत्या कामासाठी, ते काम किती वर्षे टिकेल आणि पुढच्या वर्षीचे बी कोणाच्या हाती राहील, एवढे प्रश्न विचारावेत. आपल्या कोठारातील बी पेरण्याचे जे स्वातंत्र्य हातोदच्या शेतकऱ्याजवळ आज आहे, त्याची किंमत त्या हिशेबात अवश्य धरावी.