कागदावरची एक खूण

मी आयुष्यभर पोथ्यांतले पाठभेद पाहिले. खटकणारे अक्षर लेखनिकाचा प्रमाद म्हणून सोडून देण्याचा मोह मला ठाऊक आहे. १९६७ साली केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांनी तो टाळला. रेडिओ दुर्बिणीच्या शेकडो फूट आलेखात पाव इंचाची विस्कटलेली खूण त्यांना खटकली. पुन्हा तपासता दर १.३३७ सेकंदांनी येणारे ठोके दिसले. तो पल्सार : सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम वीस किलोमीटर व्यासात कोंबलेला, गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा! त्याचे चमचाभर द्रव्य अब्जावधी टनांचे. या शोधासाठी १९७४चे नोबेल मार्गदर्शक हेविश यांना मिळाले. बेल यांनी तक्रार केली नाही. मला मात्र ते आजही खुपते. २०१८ साली मिळालेले तीस लाख डॉलर त्यांनी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकले.