बोलणं आणि जगणं
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषणाचं संक्षिप्त लेखरूप)



बायकांना ताणावर जे सल्ले मिळतात ते बहुतेक त्यांनीच बदलावं असं सांगणारे असतात. प्राणायाम करा, मन मोठं करा, हसतमुख राहा. घर, नवरा, कचेरी, पोलीस चौकी यांनी मात्र आहे तसंच राहायचं! म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करते. मारहाणीचा, कर्जाचा, कामाच्या ओझ्याचा ताण मूल्यांचा विचार करून जात नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८, असं आढळलं. हा ताण कामाची वाटणी बदलल्यावरच कमी होईल.

पण आणखी एक ताण आहे, आणि तो आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना जास्त छळतो. सभेत एक बोलायचं आणि घरी दुसरंच जगायचं, याचा तो ताण. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलं की आपली समजूत आणि कृती यांचा मेळ बसला नाही की माणूस अस्वस्थ होतो. मग ही अस्वस्थता घालवण्यासाठी तो कृती बदलतो, नाहीतर समजूतच वळवून घेतो. 'आमच्या घरी प्रश्नच वेगळा आहे,' असं आपण म्हणतो ना, ते हेच.

हक्कसोडपत्राचंच बघा. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलीही त्यात आल्या. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही.

कायदा हा असा. घरात काय होतं? वडील जातात, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ येते, आणि हक्कसोडपत्र पुढे येतं. 'तुला काय कमी आहे?' 'माहेर तुटेल हं.' वस्तीत बायकांना वारसाहक्क समजावून सांगणारी कार्यकर्तीही निबंधकाच्या कचेरीत जाऊन मुकाट्याने सही करते. भावाशी भांडण टळतं, पण डोकेदुखी, झोप न येणं, भाऊबीजेला ओवाळताना घशाशी येणारा आवंढा, हे उरतंच. पुढे वारसाहक्कावर बोलायची वेळ आली की ती दुसरीला उभं करते.

इथे दोन मूल्यं समोरासमोर आहेत हे मान्य करू या. समता आपलीच आहे आणि भावावरची मायाही आपलीच. म्हणून 'सही करू नका' असा फतवा मी काढणार नाही. एखादीने सगळं समजून, शेत कसणाऱ्या भावाला आपला वाटा दिला, तर तो तिचा निर्णय आहे. प्रश्न एवढाच विचारायचा : मी हे मायेने देतेय की भीतीने? मायेने दिलेलं आठवून सहसा पोटात गोळा येत नाही. भीतीने दिलेलं छातीवर बसून राहतं.

म्हणून सहीसाठी घाई झाली तर 'मला पंधरा दिवस द्या' म्हणा. कागद घरी आणा, वाचा, गटातल्या मैत्रिणीला दाखवा. पंधरा दिवस थांबल्याने जे नातं तुटतं, ते कशाच्या आधारावर उभं होतं हेही त्यात कळेल.

मूल्यं मनात स्पष्ट असण्याचा शरीरालाही उपयोग होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतल्या ताण आणणाऱ्या कसोटीआधी स्वतःच्या महत्त्वाच्या मूल्यांवर विचार करायला लावलं. इतरांच्या तुलनेत त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी वाढलं. प्रयोग लहान होता, पण दिशा दाखवणारा आहे.

मात्र मूल्याने जगण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पगार असलेली बाई 'नाही' म्हणू शकते, माहेरी आसऱ्याला राहिलेली परित्यक्ता कशी म्हणेल? एकटीने ताठ उभं राहायचं म्हटलं तर ताण वाढेलच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एकट्या विधवेने कुंकू लावलं तर गाव बोलतं. ठराव गावाचाच असला की तिच्या मागे कोणीतरी उभं असतं.

हे आपल्या संघटनेलाही लागू आहे. श्रमाचं मोल मागणारे आपण, कार्यकर्तीला मानधन वेळेवर देतो का? तिची शेवटची एस.टी. चुकेपर्यंत बैठक लांबवतो का? शिबिरात पाळणाघर असतं का?

आज गटात बसाल तेव्हा प्रत्येकीने दोनच गोष्टी लिहा. जिच्यावर तडजोड नको अशी एक, आणि तिच्याविरुद्ध आपण रोज करतो अशी एक कृती. मग त्यातली कोणती पुढच्या तीन महिन्यांत बदलता येईल आणि त्यासाठी सोबत कोण येईल, ते ठरवा. सोबतिणीचं नाव लिहिल्याशिवाय कागद घडी करू नका.