दूरचित्रवाणी आणि आपल्या मुलांचे आरोग्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी अहेरी येथे केलेले भाषण)



मंडळापुढे आलेल्या एका सूचनेवरून चिटणीसबाईंनी मला हा विषय दिला आहे. वर्धापनदिनाच्या निधीतून बालवाडीसाठी मोठा दूरचित्रवाणी संच घ्यावा आणि त्यावर मुलांना आरोग्याच्या सवयी दाखवाव्या, अशी ती सूचना. काही भगिनींना ती फार आवडली आहे, काहींना ती उधळपट्टी वाटते. मी नोकरीची सारी वर्षे ह्याच तालुक्यात प्राथमिक शाळेत काढली आणि मुलांचे हे कार्यक्रम हौसेने पाहत आले. म्हणून त्यांची थोडी हकीगत आधी सांगते आणि मग माझे मत. आरोग्यावरच्या भाषणानंतर पेढे वाटावे की नाही, ते अध्यक्षबाईंनी ठरवावे.

खेड्यातल्या मुलापर्यंत चित्रवाणी नेण्याचा आपल्या देशातला पहिला मोठा प्रयत्न १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एका वर्षात झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षापुरता मागून घेतला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे कार्यक्रम लागत. ह्या राज्यांत आंध्र प्रदेश होते, मध्य प्रदेश होते. म्हणजे त्या काळी आपल्या प्राणहितेपलीकडे जे राज्य होते तेही त्यात, आणि इंद्रावतीपलीकडचेही त्यात. मधला आपला महाराष्ट्र मात्र यादीत नव्हता. आपण नेहमीच पंगतीच्या टोकाला, पण त्या वेळी तर पानच मांडले नव्हते!

पुढे आपल्या देशाचा स्वतःचा उपग्रह १९८३ साली आकाशात स्थिर झाला आणि १९८४ साली पुण्याला बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे नाव घेतल्याबरोबर इथल्या तरुण सुनांच्या तोंडावर हसू आले, ते मी पाहिले. त्यांच्या लहानपणी सकाळी दूरदर्शनवर ती लागे. लहान वयाच्या मुलांसाठी वेगळा आणि थोड्या मोठ्यांसाठी वेगळा, असे छोटे छोटे कार्यक्रम असत. गोष्टी असत, विज्ञानाचे प्रयोग असत, बाहुल्या असत, आणि त्यातच दात घासणे, नखे कापणे, पाणी गाळून पिणे हेही येई. सारे आपल्या मराठीत, आणि मध्ये एकही जाहिरात नाही. ही गोष्ट तेव्हा कोणाला विशेष वाटली नाही, आज वाटते.

पण भगिनींनो, आपल्या रानात ते किती पोहोचले? मी ज्या शाळेत होते तिथे सरकारी संच आला तो पावसाळ्याच्या तोंडी. गावात खांब होते, तारा होत्या, वीज मात्र मनात येईल तेव्हा येई. संच कपाटात गेला, त्यावर हजेरीपट आले, पुढे उंदरांनी त्याच्या तारा कुरतडल्या. ज्या दिवशी वीज असे त्या दिवशी दुसरी अडचण पुढे येई. पडद्यावरची बाई पुण्याचे मराठी बोलत असे, आणि माझ्या समोरच्या चाळीस मुलांपैकी निम्म्यांच्या घरी माडिया, बाकीच्यांत कितीतरी घरी तेलुगू. मी वाक्यावाक्याला थांबून समजावीत असे, आणि तोवर बाहुली पुढे निघून गेलेली असे. मुले हसत, पण ती बाहुलीच्या उड्यांना हसत.

बालचित्रवाणीला मिळणारे अनुदान थांबले आणि २०१७ साली ती संस्था बंद झाली. हजारो कार्यक्रम तयार करणारे असे घर मोडते, तेव्हा दुःख होते. लहान मुलांसाठी मराठीत नेमाने काम करणारी अशी दुसरी जागा पटकन उभी राहत नाही.

तिकडे अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ पासून ‘सेसमी स्ट्रीट’ नावाचा बाहुल्यांचा कार्यक्रम चालू आहे. गरीब वस्तीतील मुले शाळेत जाण्याआधीच मागे पडतात, ती पडू नयेत हा त्याचा मूळ हेतू. २००५ च्या सुमारास त्यांनी आरोग्याचा विषय जोराने हाती घेतला, कारण तिकडची मुले भलतीच लठ्ठ होऊ लागली होती. त्यात बिस्किटांवर तुटून पडणारा एक निळा राक्षस आहे. त्याच्या तोंडी त्यांनी असे घातले की बिस्कीट हा कधीमधी खायचा पदार्थ आहे. राक्षसाला शहाणे केले म्हणून तिथल्या लोकांनी मोठा गहजब केला, असे म्हणतात. मला तरी राक्षसाचे बरोबर वाटते.

ह्याच कार्यक्रमाचे हिंदी रूप ‘गली गली सिम सिम’ ऑगस्ट २००६ मध्ये आपल्याकडे आले. खाजगी वाहिन्यांवर लागे आणि दूरदर्शनवरही. शाळेच्या गणवेशातली चमकी, बूम्बा नावाचा सिंह, गूगली, आंचू ही त्यातली मंडळी. ह्या लोकांची एक युक्ती मला सर्वांत आवडली. शहरांतल्या झोपडपट्ट्यांत ज्यांच्या घरी संच नाही, त्यांच्यासाठी त्यांनी भाजीच्या हातगाडीवर संच बांधला आणि गाडी गल्लीगल्लीतून फिरवली. भाजीवाल्याची गाडी म्हटली की बायका-मुले आपोआप जमतात. हे ज्याला सुचले त्याला संसार माहीत असला पाहिजे. पुढे २०१३ मध्ये त्यांनी राया नावाची सहा वर्षांची बाहुली आणली. शौचाला जाताना पायांत चपला घालाव्या आणि आल्यावर साबणाने हात धुवावे, एवढेच तिचे सांगणे. ते थोडे नाही. अनवाणी पायांतून शिरणारे जंत पोटात राहून रक्त पितात, आणि आपल्या भागातल्या मुली आधीच किती फिकट असतात हे तुम्ही जाणताच.

आइसलँड नावाच्या एका चिमुकल्या बेटावरच्या कसरतपटूनेही असाच उद्योग केला. मॅग्नस शेविंग त्याचे नाव. १९९५ साली त्याने आळशी गावाची एक गोष्ट लिहिली, मग तिची नाटके झाली, आणि २००४ पासून ‘लेझी टाऊन’ ह्या नावाने ती चित्रवाणीवर आली. त्यात नायक फळांना खेळाडूंची मिठाई म्हणतो आणि सफरचंद खाऊन कोलांट्या उड्या मारतो. आपल्याकडे सफरचंद आजारी माणसाला भेटायला जाताना घेतात. आपल्या पोरांची मिठाई म्हणजे टेंभरं, चारं, जांभळे, बोरे, सीताफळे, आणि ती झाडाखाली फुकट पडतात. पण पाच रुपयांच्या चुरचुरीत पुडीपुढे ती आता गावंढळ ठरू लागली आहेत, आणि ही पुडी मुलांना चित्रवाणीनेच शिकवली. चमकीने दहा मिनिटे फळे खा म्हणायचे आणि मधल्या जाहिरातीने चॉकलेट दाखवायचे, हा कुठला न्याय?

आणखी एक. खर्रा! गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आपल्या जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, पण सुपारी-तंबाखू-चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा आठवी-नववीच्या मुलांच्या खिशात सापडतो. मुलीही मागे नाहीत. मी इतके कार्यक्रम पाहिले, मला तरी कोणत्याही बाहुलीच्या तोंडी खर्रा हा शब्द ऐकू आला नाही. मुंबई-दिल्लीच्या माणसाला तो ठाऊकच नाही, तो तरी काय करणार? आपल्या घरचे दुखणे आपल्यालाच सांगावे लागेल.

तरीही मी संचाच्या विरुद्ध नाही. टाळेबंदीत २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे. त्यात घरातल्या साध्या वस्तू घेऊन मुलांनी घरच्या माणसांबरोबर करायच्या गोष्टी असत. माझी नात ती पाहून माझ्याकडून चिंचोके मागून नेत असे. ‘सेसमी स्ट्रीट’च्या पहिल्याच वर्षी अभ्यासकांना आढळले होते की जी मुले आईबरोबर बसून पाहत आणि त्यावर बोलत, ती अधिक शिकत.

गेल्या वर्षी एका खेड्यातल्या अंगणवाडीत मी हात धुण्याचे चित्र मोबाइलवर दाखवले. त्यातली मुलगी नळ उघडते आणि हात धुते. एक पाच वर्षांचा पोरगा म्हणाला, “आजी, हिचे पाणी कोण हापसते?” त्याचे म्हणणे खरेच होते. हातपंपावर एकट्याला हात धुता येतच नाहीत. मग त्यांनीच खेळ केला: एकाने हापसायचे, दुसऱ्याने साबण लावायचा, बाकीच्यांनी ओकटी, रेंडू, मूडू करीत वीसपर्यंत मोजायचे, मग पाळी बदलायची. आजही ती मुले जेवणाआधी तसेच करतात, अशी तिथल्या सेविकाबाई ग्वाही देतात. चित्र तीन मिनिटांचे होते, पण ते लावून मी चहा प्यायला गेले असते तर हा खेळ झाला नसता.

म्हणून माझी उपसूचना अशी. संच घ्यावा, पण लहान घ्यावा. उरलेल्या पैशांतून बालवाडीच्या दारात मुलांच्या उंचीची पाण्याची टाकी, दोन तोट्या आणि वर्षभराचा साबण घ्यावा. संच आठवड्यातून दोनच दिवस, अर्धा तास लावावा, आणि त्या वेळी मंडळाच्या दोघी मुलांत बसाव्या. त्यांतली एक माडिया किंवा तेलुगू जाणणारी असावी. जाहिराती येणार नाहीत असेच चित्र आधी निवडून ठेवावे. आणि खर्ऱ्यावर बाहुल्यांचा एक खेळ आपणच बसवावा. जुन्या लुगड्यांच्या बाहुल्या करायला मी तयार आहे, आवाज द्यायला शिक्षकबाईंच्या दोन विद्यार्थिनी तयार आहेत. खर्रा खाणाऱ्या कोल्ह्याचे सोंग कोण घेणार, तेवढे ठरायचे आहे. आमच्या शेजारच्या वहिनींचा आवाज त्याला फार शोभेल, पण त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

पहिल्या महिन्याच्या पाळ्यांची वही खजिनदारबाईंकडे ठेवली आहे. बुधवारची दोन नावे आली आहेत, शनिवारची जागा रिकामी आहे. जाताना कोणी तरी नाव लिहून जावे.