झुलत्या स्वरातून घडणारा आवाज
(रेडिओवरील भाषण)

श्रोतेहो, दरबारी कानड्यातला गंधार आठवा. तो एका जागी उभा राहत नाही, संथपणे झुलतो. त्या आंदोलनाचा वेग आपण वाढवत नेला तर काय होईल? सेकंदाला पाच-सहा झोके झाले की व्हायोलिनवादक बोट हलवून काढतात तसा कंप ऐकू येतो. वीसच्या पुढे गेलं की कानाला झोके सुटे सुटे कळेनासे होतात. आणि सेकंदाला दोनशे, चारशे झोके दिले तर? तेव्हा झुलणं ऐकूच येत नाही. स्वर स्थिर वाटतो, पण त्याची जात बदललेली असते. मघाशी शिट्टीसारखा सपाट असलेला स्वर आता पितळी वाद्याचा वाटतो, किंवा घंटेचा.

आज मी ज्या छोट्या वाद्याबद्दल बोलणार आहे, त्याचा सगळा कारभार एवढ्या एका गोष्टीवर चालतो.

ही गोष्ट पहिल्यांदा कानावर पडली ती जॉन चाउनिंग यांच्या. साल १९६७, ठिकाण अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. चाउनिंग मूळचे तालवादक, संगीतरचना शिकलेले. रात्री संगणक मोकळा असला की त्यावर आवाज तयार करून पाहायचे. एका स्वराचा कंप ते वाढवत गेले, खोलही करत गेले, आणि एका टप्प्यावर त्यांना कंप न ऐकू येता नवाच ध्वनी ऐकू आला. गणित त्यांनी नंतर बसवलं, आधी कानाला कळलं. त्यांचा यावरचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या तंत्राचं नाव फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे एफएम. तुमच्यापैकी जे आत्ता एफएमवर हे भाषण ऐकत असतील, त्यांच्यापर्यंत माझा आवाज याच गणितानं पोहोचतो आहे. रेडिओत माझा आवाज एका अतिवेगवान लहरीला हलवतो. ती लहर सेकंदाला सुमारे दहा कोटी वेळा कंप पावते, माणसाला ती ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. चाउनिंग यांनी दोन्ही लहरी कानाच्या टप्प्यात आणून ठेवल्या. एक लहर आवाज देणारी, दुसरी तिला हलवणारी.

अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्यांनी या शोधात रस घेतला नाही. जपानच्या यामाहा कंपनीनं घेतला. त्यातून १९८३ मध्ये डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला. ६१ पट्ट्या, एका वेळी १६ स्वर, आणि प्रत्येक स्वरामागे सहा लहरी. या लहरींना त्या भाषेत ऑपरेटर म्हणतात. कुठल्या लहरीनं कुणाला हलवायचं याच्या ३२ जोडण्या होत्या, त्या प्रत्येक जोडणीला अल्गोरिदम म्हणतात. अमेरिकेत त्याची किंमत होती १९९५ डॉलर. तेव्हा ती स्वस्त मानली गेली. आपल्याकडच्या हौशी माणसाला मात्र ते वाद्य दुकानाच्या काचेआडून पाहण्यापुरतंच होतं.

आज माझ्यासमोर मेजावर आहे ते कॉर्ग कंपनीचं व्होल्का एफएम. हे २०१६ मध्ये आलं. लांबी १९ सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. सहा पेन्सिल सेलवर चालतं, आत छोटा स्पीकर आहे. डीएक्स-७ चे तेच सहा ऑपरेटर, त्याच ३२ जोडण्या यात आहेत. जुन्या यंत्रासाठी लोकांनी घडवलेले हजारो आवाजही यात भरता येतात. चांगली हार्मोनियम घ्यायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात हे येतं.

इतकं स्वस्त कसं? चिप स्वस्त झाल्या हे एक कारण. १९९० च्या दशकाच्या मध्यात चाउनिंग यांच्या पेटंटची मुदत संपली, हे दुसरं. पण खरी स्वस्ताई त्या गणितातच आहे, आणि मला तिचं फार अप्रूप वाटतं. एका समृद्ध आवाजात मूळ स्वराबरोबर वीस-पंचवीस उपस्वर असतात. ते एकेक करून घडवायचे तर वीस-पंचवीस लहरी लागतील. एफएममध्ये दोन लहरी पुरतात. एकीनं दुसरीला हलवलं की उपस्वरांची रांग आपोआप उभी राहते.

ऐका.

(ध्वनी : एकच साधा स्वर, लांब)

ही एकटी लहर. हिच्यात कसलाही रंग नाही. आता तेवढ्याच वेगाच्या दुसऱ्या लहरीनं हिला हलवतो, म्हणजे गुणोत्तर एकास एक. हलवण्याचा जोर स्वराबरोबर वाढवतो आणि उतरवतो.

(ध्वनी : कर्ण्यासारखा स्वर)

बँडमधल्या ट्रंपेटची आठवण झाली ना? पितळी वाद्यात फुंक जोरात मारली की आवाज मोठा होतो आणि त्याच वेळी तेजही होतो. हलवण्याचा जोर वाढवला की नेमकं तेच घडतं. आता गुणोत्तर एकास दोन करतो.

(ध्वनी : पोकळ, लाकडी वाटणारा स्वर)

उपस्वरांतले फक्त विषम तेवढे उरले, तिसरा, पाचवा, सातवा. क्लॅरिनेटचा स्वर असाच असतो. आणि आता एकास एक पूर्णांक चार दशांश.

(ध्वनी : घंटा, आवाज हळूहळू विरतो)

चाउनिंग यांच्या निबंधात घंटेसाठी हेच गुणोत्तर दिलं आहे, २०० आणि २८० कंपनांचं. उपस्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत बसत नाहीत, म्हणून कानाला धातूचा भास होतो. तीन आवाज ऐकलेत, आणि फरक केला तो एका आकड्याचा आणि आवाज चढण्या-उतरण्याच्या आकाराचा.

आता आपल्या संगीताकडे येतो, कारण मला बोलायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला सर्रास कॅसिओ म्हणतात. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात तो असतोच. त्याचं बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सतार. वाजवणारे बोटांनी तयार असतात, पण आवाज मात्र कारखान्यातून आला तसाच ठेवतात. त्यामुळे दहा गावांतल्या दहा ऑर्केस्ट्रांत एकच बासरी ऐकू येते. मला याचं वाईट वाटतं. तबल्याची शाई कुठून घासली गेली आहे, तंबोऱ्याची जवारी किती उघडी आहे, यावर तासन् तास बोलणारी आपण माणसं. तो कान कीबोर्डपाशी आल्यावर बाजूला का ठेवायचा?

कीबोर्डवर आपल्या संगीतातून जुना आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यानं स्वर नैसर्गिक जागी नसतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर कीबोर्डचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. पंचम केवळ दोन सेंट उतरा. पंचम चालून जातो, गंधार टोचतो. अशाच कारणांनी याच आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. त्या काळातही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्या पेटीतून काय काढलं ते आपल्याला ठाऊक आहे. तरी आक्षेप उरतोच. या व्होल्कावर मींडही निघत नाही. ख्याल वाजवायला हे वाद्य नाही, आणि तसा हट्ट कुणी धरू नये.

पण एक दार उघडं आहे. पट्ट्या समान भागांच्या असल्या, तरी एका स्वराच्या आत बसलेल्या सहा ऑपरेटरांची गुणोत्तरं आपण ठरवायची असतात, शतांशापर्यंत. म्हणजे पंचम दीड पट हवा, तर नेमका १.५० लावता येतो. गंधार सव्वा पट हवा, तर १.२५. नैसर्गिक स्वर पट्टीवर मिळत नाहीत, ते आवाजाच्या पोटात मिळतात.

म्हणून मी यावर तंबोऱ्याचा आधार घडवतो. जोडणी शेवटची, बत्तिसावी. तीत कुणी कुणाला हलवत नाही, सहाही ऑपरेटर सरळ आवाज देतात. पहिल्याला गुणोत्तर ०.५०, हा खर्ज. दुसऱ्याला १, हा षड्ज. तिसऱ्याला १.५०, पंचम. चौथ्याला २, तार षड्ज. पाचव्याला २.५०, म्हणजे तार सप्तकातला गंधार. सहाव्याला ३, तार पंचम. हे सहाही खर्जाच्या एक, दोन, तीन, चार, पाच, सहा पटी आहेत. जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. इथे तो आपण हातानं बसवला. त्याचा आवाज अगदी बेताचा ठेवायचा. गंधार आहे हे शोधल्यावर कळावं, आपणहून पुढे येऊ नये.

मग आकार. पहिले दोन ऑपरेटर छेड पडताच उठवायचे. वरचे किंचित उशिरा, सावकाश चढणारे, कारण तंबोऱ्यात तार छेडल्यानंतर जवारी फुलते. या जोडणीत सहाव्या ऑपरेटरला स्वतःचाच आवाज परत देण्याची सोय आहे. तो थोडासा दिला की तारेला असते तशी खरखर येते. जरा जास्त झाला तर मात्र भुंगा होतो. शेवटी दुसरा ऑपरेटर इतरांपासून अगदी कणभर बेसूर करायचा, म्हणजे आवाजात संथ लाट येते.

(ध्वनी : आधारस्वर, सुमारे वीस सेकंद)

हा तंबोरा नव्हे. चार तारा एकमेकींना जागवतात ती गोष्ट इथे नाही. पण रेकॉर्ड केलेला तंबोरा पुन्हापुन्हा फिरवण्यापेक्षा मला हा आधार पसंत आहे, कारण यातला प्रत्येक आकडा मी ऐकून लावलेला आहे आणि गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बदलता येतो. काळी एक असो की पांढरी पाच, सूर सरकवला तरी आतली गुणोत्तरं हलत नाहीत.

या यंत्राचा दुसरा उपयोग तबला शिकणाऱ्यांना. यात स्वरांची माळ साठवायला १६ घरं आहेत, तीनतालाच्या मात्रा तितक्याच. एकेका घरात लहऱ्याचा एकेक स्वर भरला की लहरा फिरत राहतो. नको ती घरं वगळता येतात. सहा वगळली की झपताल, नऊ वगळली की रूपक. लय लावताना एक ध्यानात ठेवावं लागतं, यंत्र चार घरांचा एक ठोका धरतं. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत हवी तर यंत्रावर ६० चा आकडा लावायचा. विलंबितासाठी हा लहरा कामाचा नाही, घरं अपुरी पडतात.

तक्रारी आहेत. एका वेळी तीनच स्वर वाजतात. कळा म्हणजे स्पर्शाची एक पट्टी. बोट हळू ठेवा की जोरात, आवाज तेवढाच, जोर बदलायला वेगळा दांडा सरकवावा लागतो. पडदा इतका चिमुकला की आकडे वाचताना डोळे थकतात. म्हणून मी आवाज संगणकावर घडवतो आणि मग यात भरतो.

मुंबईनं छोट्या यंत्रांशी आपल्या रागांची गाठ फार पूर्वी घातलेली आहे, हे इथे सांगायलाच हवं. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. रोलँडचा मोठा ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खालच्या स्वरांसाठी टीबी-३०३ नावाची रुपेरी पेटी, जी पुस्तकाएवढी होती. ती एफएमची नव्हती, तंत्र निराळं होतं. पण टीबी-३०३ चा सरकता स्वर रागाच्या कामाला येईल हे चरणजित सिंग यांनी ओळखलं. मुद्रिकेकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर नृत्यसंगीत करणारे थक्क झाले, कारण शिकागोतल्या तरुणांनी त्याच पेटीतून जे संगीत पुढे काही वर्षांनी काढलं, त्याच्या अगदी जवळचं काही मुंबईत आधीच होऊन गेलं होतं. सिंग २०१५ मध्ये वारले. ती मुद्रिका मिळवून जरूर ऐका.

आणि लगेच पैसे खर्च करू नका. डेक्स्ड नावाची डीएक्स-७ ची मोफत संगणकीय प्रत मिळते, घरातल्या साध्या संगणकावर चालते. सहा ऑपरेटर, ३२ जोडण्या, सगळं तेच. ती उतरवून घ्या, तयार आवाजांची यादी बंद करा, बत्तिसावी जोडणी निवडा आणि एक षड्ज, एक पंचम लावा. पंचम १.५० वर ठेवून ऐका, मग १.४९ वर ठेवून ऐका. फरक ऐकू आला, तर हे वाद्य तुमच्यासाठी आहे. मग खुशाल विकत घ्या.