चाकांवरचे घर आणि नदीचा काठ

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी दरी १८६४ साली कायद्याने जनतेसाठी राखून ठेवण्यात आली. चाकांवरचे घर घेऊन तेथे अनेक प्रवासी मुक्कामास येतात. तळावरील जागांना वीज-पाण्याची जोडणी नाही. जनित्र ठरावीक वेळीच चालविता येते. अस्वलांच्या भयाने अन्न लोखंडी पेटीत ठेवावे लागते. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला महापूर आला व काठावरचे दोन तळ उद्ध्वस्त झाले. ते लगेच पुन्हा उभारण्याऐवजी बंद ठेवण्यात आले. मुक्कामाच्या जागा घटल्या. परंतु नदीला तिचा काठ परत मिळाला. पर्यटनस्थळाचा आराखडा आखताना माणसे किती येतील, याआधी पाणी कोठवर येते हे पाहावे, हाच या दरीचा धडा होय.