कुंपणापाशी उभा स्वयंसेवक

बेंगळुरूच्या बन्नेरघट्टा जैविक उद्यानात स्वयंसेवा करायची म्हटलं, की डोळ्यांसमोर वाघाचा बछडा येतो… तो विसरा. स्वयंसेवकाचं खरं काम माणसांपाशी असतं. कुंपणापाशी उभं राहायचं… माकडाकडे वेफर्स फेकणारा हात गोडीनं थांबवायचा. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना चिडवायला, खाऊ घालायला वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. तशी पाटी असते. पण पाटीनं हात थांबत नाही… कुणी बोललं की थांबतो. बोलायचं, तर थोडं कन्नड यायला हवंच!

कुणी म्हणेल, प्राणी कोंडायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बन्नेरघट्टाच्या बचाव केंद्रातली अस्वलं पाहा. एकेकाळी त्यांना रस्त्यावर नाचवलं जाई… नाकाडातून दोर ओवलेला, सुळे तोडलेले. अशी अस्वलं जंगलात परतून जगणार कशी? त्यांना आयुष्यभराचा आसरा लागतो… आणि त्यांची हकिकत मुलांना सांगायला माणूस लागतो. म्हणून पुन्हा सांगते, काम माणसांपाशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे… स्वयंसेवक म्हणजे फुकटचे मजूर? तसं होता कामा नये. पिंजरे, आहार, औषधं ही प्रशिक्षित, पगारी कर्मचाऱ्यांची कामं. ती त्यांचीच राहावीत. स्वयंसेवकानं गर्दीशी बोलावं. मंगळवारी उद्यान बंद असतं… शनिवार-रविवारी गर्दी उसळते. कुंपणापाशी माणूस हवा, तो तेव्हा.