प्रपंचाची पडशी



आज मुक्कामाला पोचता पोचता दिवस मावळला. पाय दुखत असतील, तरी तुम्ही येऊन बसलात. फार वेळ घेत नाही. एकच गोष्ट विचारतो. घरून निघताना पडशी कितीदा भरली? हसू नका, खरं सांगा. आधी भरली, खांद्याला लावून पाहिली, मग दोन वस्तू काढून ठेवल्या. पुन्हा लावून पाहिली, आणखी एक काढली. आळंदी ते पंढरपूर वीसएक दिवसांची वाट; ओझं आपल्याच खांद्यावर येणार हे पक्कं ठाऊक असतं. दोन जोड कपडे, टाळ, औषधाची पुडी, एवढ्यावर माणूस आनंदात चालतो.

मग हाच माणूस घरी गेला की त्याची पडशी फुगते कशी? त्याचं कारण ऐका. घरी जे ओझं आपण वाढवतो ते आपल्या एकट्याच्या खांद्यावर राहत नाही. ते हळूच लेकरांच्या खांद्यावर जातं. म्हणून आपल्याला ते जड लागत नाही.

हे पोथीतलं सांगत नाही, माझ्या घरचं सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलाचं जावळ काढलं. मंडप घातला, स्पीकर लावला, फोटोवाला बोलावला, चारशे पान उठलं. साठवलेले वीस हजार गेले, वर चाळीस हजार व्याजानं काढले. शेकडा तीन रुपये महिना. म्हणजे महिन्याला बाराशे रुपये नुसतं व्याज. मुद्दल जागच्या जागी. लोक म्हणाले, "महाराजांनी कार्य झोकात केलं." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तेवढ्या एका वाक्यासाठीच सगळं केलं होतं.

माझी थोरली मुलगी तेव्हा आठवीत होती. हुशार. सहामाहीला तिचे मार्क घसरले. मी रागावलो, "अभ्यासात लक्ष नाही, मोबाईल बघतेस." ती खाली मान घालून उभी राहिली. पुढं तिच्या बाईंनी निरोप धाडला, "पोरीला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्या." मी तिला विचारलं, "बाळ, तू बोलली का नाहीस?" ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "आण्णा, तुमचं नि आईचं रात्री व्याजावरून चाललेलं असायचं. मी ऐकायचे. म्हटलं, चष्म्याचा खर्च आणखी कशाला."

माउली, चष्मा सातशे रुपयांना आला. लोकांच्या जिभेसाठी साठ हजार होते, आणि लेकीच्या डोळ्यांसाठी सातशे रुपये आहेत की नाहीत, याची शंका त्या तेरा वर्षांच्या पोरीला आली! काटकसर घरात झालीच होती. मी केली नाही, म्हणून तिनं केली. चष्मा लावून मोटरसायकलवर मागं बसली आणि रस्त्यानं दुकानांच्या पाट्या वाचत आली. "आण्णा, ते बघा, तिथं काय लिहिलंय!" मी पुढं बघून गाडी चालवत होतो. तोंडातून शब्द फुटेना.

विठ्ठल विठ्ठल!

मी कीर्तनात गाडगेबाबांचं चरित्र कितीदा सांगितलं असेल. पण ते मला कळलं त्या दिवशी. बाबांचा जन्म 1876 चा. वडील दारूपायी गेले, लहानपण आजोळी गेलं. तिथं मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढं स्वतःच्या मुलीचं बारसं आलं. रीत होती मटण आणि दारूची. बाबांनी रीत मोडली, गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रागावले असतील, नावं ठेवली असतील. बाबा डगमगले नाहीत. आणि जन्मभर गावोगाव फिरून, हातात खराटा घेऊन, तेच सांगितलं : कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, वेळ पडली तर भांडी विका पण पोरांना शिकवा. याच बाबांनी पंढरपुरात, आळंदीत, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःजवळ काय? एक गाडगं आणि अंगावर चिंध्या. खर्च कुठं थांबवायचा आणि कुठं मोकळा सोडायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि तुकोबाराय? सावकारी घरात जन्मलेले. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. त्यांनी लोकांची खतं बुडवली, आणि आपण वारीत चालून घरी गेलो की नवं खत लिहून देतो!

आता करायचं काय? आम्ही घरी जे केलं ते सांगतो. एक साधी वही घातली. रोज हरिपाठ झाला की दिवसाचा खर्च लिहायचा, पोरांसमोर. प्रत्येक खर्चापुढं एक शब्द : गरज, सवय, नाहीतर देखावा. पहिल्याच महिन्यात चोर सापडला, आणि तो मीच निघालो. बाहेरचा चहा, दिवसाला चार, दहा रुपयांचा एक. चाळीस रुपये रोज, महिन्याचे बाराशे. म्हणजे जेवढं व्याज, तेवढा चहा! तुमच्यातल्या कुणाची तंबाखूची पुडी असेल, कुणाचा मोबाईलचा हप्ता असेल. ज्याचं त्यानं लिहून बघावं. चहा घरी प्यायला लागलो, ते बाराशे मुद्दलात घालू लागलो. वेळ लागला, पण कर्ज फिटलं.

पण एक सांभाळा. काटकसर म्हटलं की आपल्याकडं पहिली कात्री कुणावर चालते? घरातल्या बाईच्या ताटावर. ती शेवटी जेवते, उरलं तेवढं खाते, आणि आपण म्हणतो, "आमची मंडळी फार काटकसरी." ही काटकसर नव्हे, हा अन्याय आहे. लेकराचं दूध, वही-पुस्तक, म्हाताऱ्यांचं औषध, दारी आलेल्याची भाकरी, यांना हात लावायचा नाही. आधी देखावा कापा, मग सवय कापा. गरजेपाशी हात थांबला पाहिजे.

आणि पोरांना नुसतं "पैसे नाहीत" म्हणू नका. त्यानं पोर भितं, माझ्या पोरीसारखं मनात ठेवतं. "हे घेणार नाही, कारण ते घ्यायचं आहे," असं सांगा. पोराला कारण कळलं की ते हट्ट सोडतं, कधीकधी आपल्याआधी सोडतं.

उद्या पहाटे पुन्हा पडशी खांद्याला लावाल. तेव्हा एवढंच आठवा : घरची पडशी कुणाच्या खांद्यावर आहे? वारीहून परत गेल्यावर एकदा लेकराला जवळ घेऊन विचारा, "बाळ, काही मागायचं राहून गेलंय का?" आणि तो काय म्हणतो, ते पुरतं ऐकून घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!